डाळ शिजेना: एका घरगुती तक्रारीची तपासणी

प्रकरण तसं साधं. बेळगाव तालुक्याच्या पूर्वेकडं, काळ्या रानातल्या एका गावात, एका मराठी घरात तुरीची डाळ शिजेनाशी झाली. घरात सहा माणसं: आजी, मुलगा, सून, दोन नातवंडं आणि एक पुतण्या. नात आमच्या शाळेत आठवीला. मी पूर्वी दवाखाना चालवायचो, आता हायस्कूलला विज्ञान शिकवतो. पण गावाच्या लेखी मी अजून ‘डाक्टर’च आहे. त्यामुळं रक्ताचे रिपोर्ट जसे माझ्याकडं येतात, तशी ही डाळही आली.

आजींचं निदान तयार होतं. “त्या बोअरच्या पाण्यात काय तर हाय बगा डाक्टर. विहिरीचं पाणी होतं तवर डाळ लोण्यागत शिजायची.” सुनेचा संशय कुकरवर. पाच शिट्ट्या झाल्या तरी डाळ अख्खीच राहते, म्हणून तिनं रिंग बदलली होती, शिट्टीही नवी आणली होती. मुलाचं म्हणणं दुकानदारानं भेसळीची डाळ गळ्यात मारली. आणि शेजारच्या काकूंनी उपाय सांगून ठेवला होता: चिमूटभर सोडा टाका, आपोआप शिजेल. सोडा सुरूही झाला होता.

रुग्ण बोलत नाही तेव्हा नातेवाइकांकडून माहिती काढावी लागते. तिथं पहिला प्रश्न ‘काय होतंय’ हा नसतो, ‘कधीपासून’ हा असतो. इथं उत्तर मिळालं, ‘पाऊस संपल्यापासून’. दुसरा प्रश्न असा की त्या सुमाराला आणखी काय काय बदललं? आजी म्हणाल्या, पाणी. नळाला विहिरीऐवजी नवी बोअर जोडली होती. सून जरा आठवून म्हणाली, डाळही बदलली. आधीची संपली आणि माळ्यावरचं पोतं काढलं. हे पोतं दोन पावसाळ्यांपूर्वी भाव उतरला तेव्हा घेतलेलं, गुलबर्ग्याकडची चांगली डाळ. माळा नेमका न्हाणीच्या चुलीवर. वर ऊब, आणि पावसाळाभर ओल. तिसरा बदल बोलता बोलता सहज निघाला. सकाळची बस गाठायची घाई, म्हणून सून हल्ली चिंच, गूळ आणि डाळ एकदमच कुकरला लावत होती.

म्हणजे संशयित एक नाही, तीन. तिघेही एकाच सुमाराला घरात शिरलेले.

सुनेनं बोअरविरुद्ध एक पुरावाही दिला. तिचं माहेर खानापूर तालुक्यात, जांबोटीकडं. दिवाळीला गेली तेव्हा तिथं डाळ चुलीवर, साध्या पातेल्यात, बघता बघता गळली. “आमच्याकडं पाणीच गोड आहे सर,” ती म्हणाली. पाण्याबद्दल तिचं खरं आहे. पश्चिमेकडं पाऊस धो धो आणि जमीन जांभ्याची. त्या पावसानं मातीतले विरघळणारे क्षार कधीच धुऊन नेलेत, त्यामुळं तिथलं पाणी हलकं. कणकुंबीला उगम पावलेली मलप्रभा जसजशी पूर्वेला सरकते तसा पाऊस कमी होत जातो, माती काळी होते आणि बोअरचं पाणी जड. बेसॉल्टच्या, म्हणजे काळ्या खडकाच्या, फटींत पाणी वर्षानुवर्षं मुरून राहतं. मातीतून उतरताना त्यात कार्बन डायऑक्साइड मिसळलेला असतो. असं किंचित आंबट झालेलं पाणी खडकातलं कॅल्शियम आणि मॅग्नेशियम हळूहळू सोडवून घेतं. उघड्या विहिरीत बहुतेक गेल्याच पावसाचं पाणी. खडकाशी त्याची तेवढी ओळख झालेली नसते.

तरीही माहेरची डाळ हा पुरावा मी धरला नाही. तिथं पाणी वेगळं होतं, पण डाळही वेगळी होती, ताजी. चूल वेगळी, भांडं वेगळं. इतक्या गोष्टी एकदम बदलल्यावर श्रेय कुणाला द्यायचं? दवाखान्यात हे रोज व्हायचं. माणूस गोळी घेतो, पथ्य पाळतो, गावही बदलतो, आणि बरा झाला की नाव गोळीचं.

कुणीतरी उंचीचाही मुद्दा काढला. बेळगाव समुद्रसपाटीपासून साधारण साडेसातशे मीटरवर आहे. दर तीनशे मीटरला पाण्याचा उत्कलनबिंदू सुमारे एक अंशानं उतरतो, म्हणजे इथं उघड्या पातेल्यात पाणी साडेसत्त्याण्णवच्या आसपास उकळतं. पणजीपेक्षा इथं डाळीला थोडा जास्त वेळ लागणार हे खरं. पण गाव काही दिवाळीच्या आधी वर सरकलं नव्हतं. जे बदललंच नाही ते नव्या दुखण्याचं कारण होत नाही. उंचीचा मुद्दा तिथंच मिटला.

कुकरही लवकर सुटला. रिंगेतून वाफ सुटत नव्हती, शिट्टी दणक्यात व्हायची आणि त्याच कुकरात भात नीट होत होता. धड कुकरात आतलं तापमान एकशेवीस अंशांच्या जवळ जातं. बिघडलेल्या कुकरानं भाताला सोडून फक्त डाळीवर दावा का धरावा? (शिट्ट्या मोजून स्वयंपाक करायची आपली पद्धत मला कधी पटली नाही. शिट्टी म्हणजे जादा वाफ बाहेर पडल्याची खूण. आच मोठी तर शिट्ट्या भराभर होतात, पण डाळ त्या वेगानं शिजत नाही. शिट्टी झाल्यावर आच बारीक करून घड्याळ बघावं.)

घरात काय दिसलं

शनिवारी शाळा सुटल्यावर मुलांना घेऊन त्या घरी गेलो. तपासणी न्हाणीपासून सुरू केली, कारण पाण्याचा इतिहास तिथंच साठलेला असतो. हंड्याच्या आत बोअर जोडल्यापासून पांढरा, खरखरीत थर बसला होता. मुलांनी चमच्यानं खपली काढली आणि बशीत ठेवून तिच्यावर लिंबू पिळलं. फसफसून बुडबुडे आले. हा कॅल्शियम कार्बोनेट, आणि बुडबुडे कार्बन डायऑक्साइडचे. चहाच्या कपावर तेलकट दिसणारा पातळ तवंग होता. नात म्हणाली, डोकं धुतलं की केस चिकट राहतात. खुणा सगळ्या एकाच दिशेला बोट दाखवत होत्या.

मग साबणाची परीक्षा. स्कॉटलंडच्या थॉमस क्लार्क या रसायनशास्त्रज्ञानं 1841 च्या सुमाराला ही पद्धत रूढ केली, आणि आजही ती शाळेत चालते. दोन सारख्या बाटल्या. एकीत विहिरीचं पाणी, दुसरीत तेवढंच बोअरचं. दोन्हीत साबणाचं पाणी थेंब थेंब टाकायचं आणि हलवत राहायचं, टिकाऊ फेस येईपर्यंत. पावडरचा डिटर्जंट इथं उपयोगाचा नाही, तो जड पाण्यातही फेसाळतो. साधा साबणच हवा. विहिरीच्या पाण्याला लगेच फेस धरला. बोअरच्या बाटलीत थेंब पडत राहिले आणि फेसाऐवजी दह्यासारखी पांढरी साय गोळा होत गेली. साबणातली मेदाम्लं कॅल्शियमला धरून खाली बसतात आणि हे सगळं कॅल्शियम संपल्याशिवाय फेस धरत नाही. हीच साय केसांत अडकते.

आकडा मिळावा म्हणून माझा एक माजी विद्यार्थी कामाला आला. तो पीयू कॉलेजच्या प्रयोगशाळेत आहे. पाण्यात रंगसूचक घालून कॅल्शियम-मॅग्नेशियमला धरणाऱ्या ईडीटीए या रसायनाचं द्रावण टाकत गेलं की दारूसारखा लाल रंग निळा होतो, आणि किती द्रावण लागलं त्यावरून काठिण्य, म्हणजे पाण्याचा जडपणा, मोजता येतं. बोअरचं पाणी दर लिटरला सहाशे मिलिग्रॅमच्या वर निघालं. विहिरीचं दोनशेच्या आत. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानक 10500 प्रमाणे दोनशेपर्यंत उत्तम, आणि दुसरी सोय नसेल तर सहाशेपर्यंत चालवून घ्यावं. आजींचा चेहरा खुलला. “मी म्हटलं नव्हतं?”

म्हटलं होतं. पण मुलांना मी तिथं थांबू दिलं नाही. पाणी जड आहे हे सिद्ध झालं होतं. त्याच पाण्यानं डाळ अडवली हे अजून सिद्ध व्हायचं होतं.

चार पातेली

प्रयोग मुलांनीच आखला. दोन डाळी: माळ्यावरची जुनी आणि बाजारातून आणलेली ताजी. दोन पाणी: विहिरीचं आणि बोअरचं. जोड्या चार. चार सारखी पातेली, डाळ वाटीनं मोजून, पाणी मोजून, न भिजवता. कुकर मुद्दाम बाद केला, कारण झाकणाआड काय चाललंय ते दिसत नाही. हळद, तेल काहीच नाही. (तेलाच्या थेंबानं डाळ लवकर शिजते हा समज आहे. तेल फेस दाबतं आणि कुकरची शिट्टी चोंदू देत नाही, एवढंच त्याचं काम.)

डाळ शिजली हे ठरवायचं कसं, यावर वर्गात बरंच भांडण झालं. चमच्यानं मोडते का, चव बघायची का? शेवटी सूक्ष्मदर्शकाच्या काचपट्ट्या काढल्या. दर दहा मिनिटांनी प्रत्येक पातेल्यातले काही दाणे उचलायचे, दोन पट्ट्यांमध्ये दाबायचे आणि उजेडाकडं धरायचे. कच्च्या दाण्याच्या पोटात खडूसारखा पांढरा ठिपका दिसतो. ठिपका गेला की दाणा शिजला.

ताजी डाळ विहिरीच्या पाण्यात अर्ध्या तासानं नुसत्या स्पर्शानं पसरली. पाठोपाठ, पण बऱ्याच वेळानं, विहिरीच्याच पाण्यातली जुनी डाळ. ताजी डाळ बोअरच्या पाण्यात तासाभरानं कशीबशी मऊ झाली, तरी मधे मधे ठिपके राहिलेच. आणि जुनी डाळ बोअरच्या पाण्यात शाळेची घंटा होईपर्यंत तशीच. दाणे फुगले, सालपटासारखे वरचे पापुद्रे सुटले, पाणी गढूळ झालं, पण पट्टीखाली ठिपका पांढराशुभ्र. आटलेल्या पाण्याच्या जागी बोअरचंच गरम पाणी घालत होतो, हे एका मुलाच्या उशिरा लक्षात आलं. वाफ होऊन जातं ते नुसतं पाणी, क्षार मागेच राहतात. दर भरीला पातेल्यातलं पाणी आणखी जड होत होतं. घरीही हेच चाललं होतं.

तेव्हा आजीही खऱ्या आणि डाळीवर संशय घेणारा मुलगाही निम्मा खरा. दुकानदार मात्र सुटला, कारण त्याच्याकडून डाळ चांगलीच आली होती. ती माळ्यावर बिघडली.

आत काय घडतं

डाळीचा दाणा म्हणजे असंख्य सूक्ष्म पेशी. प्रत्येकीत स्टार्च आणि प्रथिनं, आणि दोन पेशींच्या मधे त्यांना जोडणाऱ्या पेक्टिन या चिकट पदार्थाचा थर, दगडी भिंतीत दरजा भरतात तसा. डाळ ‘गळते’ म्हणजे पेशी फुटतात असं नाही. मधलं पेक्टिन विरघळतं आणि पेशी एकमेकींपासून सुट्या होतात. कॅल्शियम नेमकं इथं आडवं येतं. पाण्यात विरघळलेल्या त्याच्या अणूवर दोन धन भार असतात. पेक्टिनच्या दोन साखळ्यांना तो एकदम धरतो आणि त्यांना उष्णतेला दाद देऊ देत नाही. पाण्यात कॅल्शियम जास्त, तर अशा गाठी जास्त.

जुन्या डाळीची गोष्ट याच्याशीच जोडलेली आहे. दाण्यात फायटेट नावाचं एक संयुग असतं. शिजताना ते पेक्टिनकडचं कॅल्शियम स्वतःकडं ओढून घेतं, म्हणजे आतल्या आत डाळीला मदत करतं. पण डाळ ऊब आणि ओल यांत महिनोन्महिने पडून राहिली की दाण्यातलंच एक विकर (एन्झाइम) हे फायटेट हळूहळू मोडून टाकतं. मदतनीस गेला, आणि त्यानं धरून ठेवलेलं कॅल्शियमही मोकळं झालं. ते जातं पेक्टिनकडं. चुलीवरचा माळा म्हणजे या बिघाडासाठी खास बांधलेली खोली. तीच डाळ कोरड्या, थंड जागी घट्ट झाकणाच्या डब्यात राहिली असती तर ती इतकी हट्टी झाली नसती.

तिसरा संशयित चिंच. आम्लात पेक्टिन जास्त तग धरतं, म्हणून चिंच, आमसूल, टोमॅटो हे डाळ शिजल्यानंतर घालायचे. आपल्या आज्यांनी हे कारण न सांगता पाळलं. गुळातही कॅल्शियम असतं, तोही नंतरच. हे सुनेला सांगितलं तर ती हसून म्हणाली, “म्हणजे बस पकडायच्या नादात मीच डाळीला बांधून ठेवत होते की!” दोष तिचा एकटीचा नव्हता. चिंच काढली असती तरी त्या पाण्यात ती डाळ शिजली नसतीच. पण आधीच दोन कुलुपं लागलेल्या दाराला तिसरं लागलं, हेही खरं.

सोड्याचं काय

सोड्यानं डाळ शिजते. काकूंचं चुकलं नव्हतं. सोड्यानं पाणी अल्कली होतं, कॅल्शियमचा काही भाग खाली बसतो आणि पेक्टिन भराभर तुटतं. डाळ मिनिटांत गळते, जरा बुळबुळीत होते आणि चवीला साबणासारखी लागते. मला सोडा आवडत नाही तो मुख्यतः ब1 जीवनसत्त्वासाठी. ब1, म्हणजे थायमिन, अल्कलीत आणि उष्णतेत टिकत नाही. जावा बेटावर ख्रिस्तियान आयकमन या डच डॉक्टरनं पॉलिश केलेल्या तांदळावर ठेवलेल्या कोंबड्या लुळ्या पडताना पाहिल्या. त्यातून या जीवनसत्त्वाचा माग लागला आणि 1929 साली त्याला नोबेल मिळालं. पांढरा भात खाणाऱ्या घरात ब1 यायची एक मोठी वाट म्हणजे डाळच. तीच सोड्यानं बंद करायची?

मिठाचं, म्हणजे सोडियमचं, भय मात्र मी वाढवून सांगितलं नाही. एक ग्रॅम सोड्यात सोडियम 274 मिलिग्रॅम. पातेल्यात सव्वादोन ग्रॅम पडला तर सहाशेच्या आसपास, आणि सहा माणसांत वाटला तर प्रत्येकाला शंभर. दिवसाची मर्यादा जागतिक आरोग्य संघटना दोन हजार सांगते. शंभरनं आभाळ कोसळत नाही. पण आजींना बीपीची गोळी चालू आहे, लोणचं सुटत नाही, आणि दोन्ही वेळच्या आमटीत सोडा. त्यांच्यापुरता मी नको म्हणालो. खरा आक्षेप वेगळाच होता. सोड्यानं तक्रार दबली असती आणि पाण्याकडं, माळ्याकडं कुणी बघितलंच नसतं. ताप कशानं आला ते न बघता क्रोसिन देत राहण्यातला हा प्रकार.

सोड्याऐवजी आम्ही मीठ वापरून पाहिलं. ताजी डाळ बोअरच्याच पाण्यात, पण आधी मीठ घातलेल्या पाण्यात भिजवून, ते पाणी ओतून. सोडियम पेक्टिनकडच्या कॅल्शियमची काही जागा घेतं आणि डाळ बरीच लवकर मऊ होते. मिठानं डाळ कडक होते हा उलटा समज आपल्याकडं पक्का आहे. दुसरा उपाय उकळण्याचा. रात्री बोअरचं पाणी खळखळ उकळायचं, गाळ बसू द्यायचा आणि सकाळी वरचं निवळ घ्यायचं. बायकार्बोनेटच्या रूपातलं काठिण्य असं खाली बसतं. मोजलं तर ते निम्म्याच्या आसपास उतरलं होतं. सल्फेट-क्लोराइडचं मात्र उकळून जात नाही. आणि रोज एवढं पाणी उकळायला गॅस कुणाचा जाळायचा, हा सुनेचा प्रश्न रास्त होता.

विहीर

सगळ्यात सोपा उपाय आजींनी आधीच ठरवला होता: बोअर बंद, पुन्हा विहीर. पिण्यालाही आणि आमटीलाही. जड पाण्यानं मुतखडा होतो हे त्यांना कुणीतरी सांगितलं होतं. हे मी दवाखान्यातही शेकडो वेळा ऐकलंय. पाण्याच्या काठिण्यानं खडा होतो असं सिद्ध झालेलं नाही. उलट आहारातलं कॅल्शियम आतड्यातच ऑक्झलेटला, म्हणजे खडा बनवणाऱ्या द्रव्याला, धरून बाहेर नेतं. खड्याचं मोठं कारण आपल्या भागात उन्हात राबणं आणि पाणी कमी पिणं. काठिण्यासाठी जागतिक आरोग्य संघटनेनं आरोग्याच्या कारणावरून मर्यादाच घातलेली नाही. भारतीय मानकातले आकडे मुख्यतः चव, साबण आणि हंड्यातल्या थराची काळजी करतात.

शिवाय विहीर गोठ्याला लागून. कठड्याला भेग, आणि शेणाचा उकिरडा वरच्या अंगाला. म्हणून दोन्ही पाण्यांची आणखी एक परीक्षा केली. ग्वाल्हेरच्या संरक्षण संशोधन प्रयोगशाळेतल्या शास्त्रज्ञांनी 1982 साली मांडलेली ही परीक्षा अगदी स्वस्त आहे: बाटलीत औषध लावलेली कागदाची पट्टी, त्यात पाणी भरायचं आणि उबेत ठेवायचं. विष्ठेतून येणारे जंतू असले की हायड्रोजन सल्फाइड तयार होतो आणि पाणी काळं पडतं. बोअरची बाटली जशीच्या तशी राहिली. विहिरीची दुसऱ्या दिवशी दुपारी शाईसारखी काळी.

आजींना हे पटायला वेळ लागला. ज्या पाण्यात डाळ लोण्यासारखी शिजते ते वाईट कसं? डाळीला फक्त कॅल्शियम-मॅग्नेशियम कळतं. जंतू कळत नाहीत, नायट्रेट कळत नाही, फ्लोराइड तर उलटंच कळतं. फ्लोराइड जास्त असलेल्या पाण्यात बऱ्याचदा कॅल्शियम कमी असतं, कारण ही दोन एकत्र फार विरघळून राहू शकत नाहीत. त्या पाण्यात डाळ छान शिजते, साबण छान फेसाळतो, आणि पोरांचे दात डागाळतात. म्हणून दोन्ही पाण्यांचे नमुने फ्लोराइड आणि नायट्रेटसाठीही पाठवले. दोन्ही आकडे मर्यादेत आले.

मग वाटणी झाली. पिण्याला बोअर. डाळीला विहीर, कारण ती चांगली खळखळ उकळतेच आणि त्यात जंतू टिकत नाहीत. कच्ची कोशिंबीर, ताक, मुलांच्या बाटल्या, यांत विहिरीचा थेंब नको. उकिरडा हलवून कठडा लिंपायचा, मग क्लोरिन, आणि पुन्हा बाटली. पावसाळ्यात कौलांवरचं पहिलं पाणी सोडून देऊन नंतरचं स्वयंपाकाला धरायचं, हे पुतण्यानं अंगावर घेतलं. चिंच आमटीला फोडणी देताना. सोड्याची पुडी चहाचे डाग घासायला गेली.

पोत्यात अजून बरीच डाळ शिल्लक होती आणि ती फेकायला कुणी तयार नव्हतं. तिचं पीठ करायला सांगितलं. जात्यात पेशीच फुटतात, मग पेक्टिन विरघळायची वाट बघावी लागत नाही. आजींनी ती गिरणीतून तांदूळ-उडदाबरोबर आंबोळीसाठी दळून आणली. आंबोळ्या चांगल्या झाल्या. पिठाचा डबाही त्यांनी परत त्याच माळ्यावर ठेवलाय, हे नातीनं मला सोमवारी येऊन सांगितलं.